वरच्या मजल्यावरची धपधप

तीन-तीन मजली भिंती रंगवताना ज्याचा पाय कधी घसरला नाही, तो रंगारी पडला स्वतःच्याच स्वयंपाकघरात, बल्ब बदलताना, एका बुटक्या स्टुलावरून. लोकांना सांगताना तो स्टुलाची उंची जरा वाढवूनच सांगायचा. गुडघ्याला मात्र थापा मारता येईनात. प्लास्टर निघालं तेव्हा तो गंजलेल्या बिजागरीसारखा अर्ध्यातच अडायला लागला होता.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी अगदी सोपं काम दिलं. घरात एक बुटका लाकडी खोका ठेवायचा. दुखऱ्या पायानं त्यावर चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. सकाळ-संध्याकाळ.

"महिन्याभरानं बघू," त्या म्हणाल्या. "गुडघा वळला तर शिडी. नाही वळला तर शिडी विसरा."

शिडी विसरायची म्हणजे मेहुण्याच्या रंगाच्या दुकानात बसायचं. मेहुण्यानं गल्ल्यामागची खुर्ची पुसूनसुद्धा ठेवली होती. इतर रंगाऱ्यांना डबे विकत बसायचं आणि ते गेले की त्यांच्या पाठीकडे बघायचं, या विचारानंच त्याच्या तोंडाची चव जायची.

हे सगळं कळत होतं, पण वळत तेवढं नव्हतं. खोका दिसला की त्याला हमखास दुसरं काहीतरी काम आठवायचं. बायको बस चालवायची. ती उजाडायच्या आत गणवेश चढवून बाहेर पडायची, त्यामुळे नवऱ्यावर नजर ठेवायला घरात कुणी नव्हतं. तिनं गजर लावला, त्यानं बंद केला. तिनं आरशावर चिठ्ठी चिकटवली, त्यानं चिठ्ठीला वळसा घालून दाढी केली. मग ती म्हणाली, रोज व्हिडिओ पाठवा. पठ्ठ्यानं एकाच सकाळी शर्ट बदलून बदलून आठवड्याचे व्हिडिओ काढून ठेवले. पण खिडकीबाहेरच्या तारेवर आठवडाभर तीच चादर वाळत होती.

"अहो, मी आरशातून फुकटे प्रवासी ओळखते," बायको म्हणाली. "तुम्ही कोण लागून गेलात?"

आणि ती तडक खालच्या मजल्यावर गेली. तिथं भूगोलाच्या निवृत्त बाई एकट्या राहायच्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर धरून त्यांचं घरातल्या घरात चालणं, पण कान अजून शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडणारे. रंगाऱ्याची फरशी म्हणजे बाईंचं छत. तेव्हा ठरलं असं, की वर धपधप झाली तर बाईंनी बायकोला तसा निरोप धाडायचा. नाही झाली तर झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचं.

पहिले काही दिवस खालून दांडा वाजवून वाजवून उठवल्यावर तो खरोखरच चढला-उतरला. घामाघूम झाला. मग एका सकाळी चालताना टेकायच्या काठीकडे बघता बघता त्याचं डोकं चाललं. काठीच्या टोकाला त्यानं जुना मोजा बांधला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हातानं खोका बडवायला लागला. धप. धप. आवाज असा हुबेहूब, की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. खालून काही ठोका आला नाही. संध्याकाळी बायको खुशीत घरी आली. "बाई म्हणाल्या, छान चाललंय." तिनं त्याच्या गुडघ्याला स्वतःच्या हातानं तेल लावून दिलं. तेव्हा त्याला जरा कसंतरी झालं, पण सकाळपर्यंत ते ओसरलं.

तपासणीची तारीख आठवड्यावर आली, तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गुडघा होता तिथंच होता. त्यात बाईंचा निरोप आला, खाली येऊन जा. कठडा धरून एकेक पायरी उतरताना त्यानं वाटेतच चार सबबी तयार केल्या.

दार उघडंच होतं. बाई स्वयंपाकघरात ओटा धरून उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी, त्याच्याकडे होता तसाच एक लाकडी खोका.

"ये. तू हल्ली फार घाई करतोस," बाई म्हणाल्या. त्या सगळ्या जगालाच अरेतुरे करायच्या. "पूर्वी सावकाश मारायचास. आता मला तुझ्याबरोबर चढता येत नाही."

"माझ्याबरोबर?"

"मलाही हाच व्यायाम दिलाय. मुलगा लांब असतो. फोनवर विचारायचा, आणि मी म्हणायचे, करते रे. करत काही नव्हते. एकटीनं कुणासाठी चढायचं? मग वर तू सुरू झालास."

सबबी चारही विसरल्या.

"बाई, ते म्हणजे... वर मी..."

"काठी ना? ठाऊक आहे मला. पाय दमतो रे. शेवटी शेवटी जड पडतो. तुझा शेवटचा ठोकाही पहिल्यासारखाच ताजा."

"मग तुम्ही हिला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू बंदच केलं असतंस. मग मी काय केलं असतं?"

तो वर आला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काठीचा मोजा सोडून त्यानं कपाटात टाकला आणि तपासणी महिनाभर पुढे ढकलून घेतली. खरं कारण बायकोला सांगितलं. ती एक अख्खा दिवस बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी एकदम सगळं बोलली.

त्यानंतर तो सावकाश चढायला लागला, बाईंना झेपेल असा. एका सकाळी गुडघा इतका ठणकला, की तो मध्येच मटकन खाली बसला. आज पुरे, असं मनाशी म्हणेपर्यंत खालून आवाज आला. तो दांड्याचा नव्हता. एक जड, दमलेला धप. मग शांतता. बाई थांबल्या होत्या, त्याच्या पुढच्या पावलाची वाट बघत. तो शिव्या घालत उठला आणि चढला.

गुडघा पूर्ण नाही वळला, पण वळला. डॉक्टरीणबाईंनी शिडीच्या खालच्या पायऱ्यांपुरती परवानगी दिली. मेहुण्यानं खुर्चीवर दुसरा माणूस बसवला. पहिलं काम बाईंचंच होतं. पहिल्या दिवसांत त्यांनी दांडा मारून मारून छताचे पोपडे काढले होते.

त्यानं शिडी लावली, पाय ठेवला, दुसरा ठेवला. वरून सहज खाली बघितलं. बाईंनी शिडी घट्ट धरली होती, दोन्ही हातांनी. वॉकर खिडकीपाशी उभा होता आणि त्यावर त्यांनी ओला टॉवेल वाळत घातला होता.

रंगाऱ्यानं बाहीनं डोळे पुसले. "रंग गेला डोळ्यात," तो म्हणाला.

"डबा अजून उघडलेला नाहीस," बाई म्हणाल्या.