ओझ्यातला झ

झच्या शेपटाशी एक बारीक फुगवटा राहिला होता. पडद्यावर अक्षर पाटाएवढं मोठं केलं तेव्हा तो दिसला, आणि मग दिसतच राहिला. तिने माउसने तो पकडला, अर्धा दाबला, सोडून दिला... बाबांनी राहू दिला असता का? पण बाबांचा प्रश्नच कुठे येतो, हा झ त्यांचा नाहीच. बाकी सगळी अक्षरं त्यांची — औषधांच्या दुकानाचा औ, शिंप्याचा श, बंद पडलेल्या थिएटरचा थ — शहरभर हिंडून, शिड्या मागून, दुकानदारांच्या मिनतवाऱ्या करून तिने बाबांनी रंगवलेल्या बोर्डांचे फोटो काढले होते आणि एकेक अक्षर कडेकडेने गिरवून त्याचा फॉन्ट केला होता. झ तेवढा कुठे मिळाला नाही. झेरॉक्सवाल्याच्या बोर्डावर होता म्हणे, पण तो पत्रा केव्हाच भंगारात गेला आणि तिथे फ्लेक्स आला.

आणि नेमका चष्मेवाल्याला झ हवा. त्याचा बोर्ड बाबांचा, तर ती बनवत असलेल्या त्याच्या वेबसाइटलाही बाबांचंच अक्षर लावू, हे त्याला लगेच पटलं; पण ‘नाकावर ओझं नको’ ही स्वतःची ओळ सोडायला काही तो तयार नव्हता. झशिवाय पान उघडलं की ब्राउझर मुकाट्याने त्या जागी स्वतःजवळचा कुठलातरी झ बसवायचा, आणि सगळ्या ओळीत तो उपरा दिसायचा. म्हणून तिने स्वतःच काढायला घेतला. ब्रशने जमेना. बाबा बोर्डावर आडव्या धरलेल्या काठीवर मनगट टेकवून श्वास धरायचे, रेघ संपली की सोडायचे. तिने श्वास धरला की हातच थरथरायचा. शेवटी काल टेबलावर पाणी सांडलं, त्यात बोटाने सहज काढला... तोच बरा वाटला. तिने त्याचा फोटो घेतला आणि तोच गिरवला.

पाणी... जेवताना बाबांना बोट आवरायचं नाही. पेल्याखालचं ओलं वर्तुळ लांबवत लांबवत ते त्यातून काहीतरी लिहायचे, आणि आई म्हणायची, जेवताना तरी दुकान बंद ठेवा — आणि फडक्याने पुसून टाकायची, पण लिहून पूर्ण झाल्यावर. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. मी आपली फडक्याकडे बघत बसायचे आणि आई रागावली असं समजायचे. त्या स्वयंपाकघरात टर्पेंटाइनचा वास असायचा. तो वास कुठे आला की मला अजून भूक लागते.

आतल्या खोलीत आई दुपारच्या झोपेतून उठल्याची चाहूल लागली. आज आईला पान दाखवायचं होतं. आई म्हणाली ‘हे ह्यांचं नाही’, तर फॉन्ट काढून टाकायचा, चष्मेवाल्याला बाजारातला तयार फॉन्ट लावून द्यायचा आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. आई पहिल्यापासून नाक मुरडत होती. माणूस गेला, आता त्याचं अक्षर कशाला त्या डब्यात कोंबतेस, असं एकदा बोललीही होती. आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही, हे भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळे जाणून आहेत.

आई चष्मा पुसत शेजारी येऊन बसली. पान उघडलं. आधी साधीच अक्षरं आली, फोनवरच्या मेसेजमध्ये असतात तशी.

“हे?” आई म्हणाली.

“थांब जरा. फॉन्ट दुसरीकडून यावा लागतो. तोवर हाताशी असेल ते दिसतं.”

“म्हणजे यायला उशीर. तेवढं तरी ह्यांचंच आहे.”

मग ओळी किंचित सरकल्या आणि पानभर बाबांची अक्षरं आली. आईचं बोट पडद्याला न लागता ओळीओळीखालून जात राहिलं, कुठे रेंगाळलं नाही, कुठे अडलं नाही... आणि ‘ओझं’पाशी थांबलं. सापडलं. सांगून टाकावं, मीच काढलाय, चुकलं माझं — तिने तोंड उघडलंही.

“बाकीची बोर्डावरची,” आई म्हणाली. “हा घरातला.”

“म्हणजे?”

“झिपरी म्हणायचे मला. जेवताना, तुझ्यासमोर, पाण्याने लिहून.” आईचा हात आपसूक केसांवर गेला. “कुठे मिळाला गं तुला?”

“टेबलावर,” ती म्हणाली.

आईने मान हलवली, जणू आणखी कुठे मिळणार होता, आणि चहा टाकायला गेली.

ती तशीच बसून राहिली. बाबांची इतकी आठवण तिला ते गेल्यापासून आली नव्हती. वाचता येण्याआधी पाहिलेलं बोटात राहतं का? की आईला पाहायचा होता म्हणून दिसला? आईला विचारता येईल... पण मग काढला कुणी तेही सांगावं लागेल. तिने फुगवट्याकडे पाहिलं आणि तो तसाच ठेवला. आतून कपबशांचा आवाज येत होता. टेबल कोरडं होतं, तरी माझं बोट त्यावर फिरत होतं — झ, पुन्हा झ — आणि मी आता पुढचं अक्षर काय काढते ते बघत होते.