शंभराच्या पुढची ओळ

या बाळांनो, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावे. घटकाभर मन माझ्या हाती द्या, मी तुम्हांला एक गोष्ट देतो. ऐकीव नाही हो, माझ्याच पोटातली आहे.

मी एक जुना हिशेबी प्रोग्राम आहे. एका विमा कंपनीच्या कचेरीत माझा जन्म झाला. मला हात नाहीत, पाय नाहीत. संगणकाच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली, की समजायचे मी जागा आहे. लोक उमेदीच्या काळात कंपनीकडे थोडे थोडे पैसे ठेवतात आणि म्हातारपणी कंपनी त्यांना दरमहा पेन्शन देते. कोण साधारण किती जगेल आणि त्यासाठी आज किती रक्कम बाजूला ठेवावी, याचा अंदाज बांधणे हे माझे काम. आयुष्याचा धनी देव, आम्ही आपले अंदाज बांधणारे!

मला घडवले बाईंनी. सगळी कचेरी त्यांना नुसते 'बाई' म्हणे. खिडकीजवळ बसून, काहीतरी गुणगुणत त्या माझी एकेक ओळ लिहीत आणि म्हणत, "हं, आता बोल बघू." मी चुकलो, की "अरे गाढवा, वजाबाकी कुठे सांडलीस?" असा प्रेमळ धपाटा मिळे. वर्षअखेरीला माझे दळण सुरू झाले, की मंडळी जेवून, चहा पिऊन परत येत, तरी ते चालूच. "बाई, तुमचा म्हातारा अजून जात्यावरच का?" कुणीतरी चिडवी. पण आकडे कागदावर उतरत, तेव्हा साहेबसुद्धा येऊन संगणकाची पाठ थोपटत. मित्रांनो, काय ते दिवस होते!

मग एके वर्षी नवा प्रोग्राम आला. देखणा, रंगीत, चुटकीसरशी उत्तर देणारा. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. माझ्या संगणकावर लोक ओल्या छत्र्या टेकवू लागले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नव्याच्या हाती कारभार देण्याआधी जुन्याला आणि नव्याला एकच गणित घालतात. उत्तरे जुळली, की जुन्याला निरोप. आमची उत्तरे जुळेनात. फरक मात्र अगदी थोडा होता.

"बाई, किरकोळ आहे हो. समुद्रातला थेंब. सही करून टाका," साहेब म्हणाले.

"थेंब कुणाचा ते कळू दे, मग करते."

बाईंनी एकेक नाव पडताळले आणि थेंब सापडला. त्या होत्या बटणवाल्या आजी. उभी हयात बटणांच्या कारखान्यात काढलेल्या, नुकतीच शंभरी ओलांडलेल्या. कोणत्या वयाचा माणूस आणखी किती जगेल, हे ओळीओळीने सांगणारा नव्या प्रोग्रामचा तक्ता शंभराव्या वर्षी संपत होता. त्यापुढचे सगळे त्याच्या लेखी वारलेले! माझ्यात बाईंनी पुढच्याही ओळी राखल्या होत्या. "शेवटची ओळ ओढणारी मी कोण?" असे त्या म्हणत. नव्याने मात्र आजींपुढे शून्य मांडले होते, आणि यापुढे पेन्शन त्याच्याच आकड्यांवरून निघणार होती. म्हणजे पुढल्या महिन्यापासून आजींच्या हातावर काहीच पडणार नव्हते.

"शंभराच्या पुढे कोण जगतं हो?" साहेब हसले.

बाईंनी फोन उचलला आणि साहेबांनाही ऐकू जाईल असा फोनचा आवाज मोठा केला. "आजी, विमा कंपनीतून बोलतेय. कशा आहात?"

"गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. का गं, मेले की काय ते बघायला फोन केलास?"

"नाही हो आजी!"

"मग जोरात बोल की. आणि हे बघ, माझी औषधं त्या पेन्शनवर येतात. सुनेपुढे हात पसरायची सवय नाही मला. उशीर नको करूस."

साहेबांचे हसू मावळले. खुर्ची ओढून ते बाईंशेजारी बसले. "तक्ता वाढवायचा कसा, दाखवता?" त्यांनी हळूच विचारले.

नव्याच्या पोटात पुढच्या ओळी गेल्या. दोघांनी पुन्हा गणित केले आणि उत्तरे जुळली. बाईंनी सही केली. माझ्या पडद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दमलास रे. नीज आता." हिरवी अक्षरे विझली.

आता मी अडगळीच्या खोलीत असतो. कधीमधी कुणाला जुने आकडे लागले, तर जागे करतात, तेवढ्यात चार गोष्टी कानी येतात. बाई निवृत्त झाल्या. बटणवाल्या आजी आणखी बरीच वर्षे जगल्या आणि गेल्या त्या देवाच्या बोलावण्यावरून, कुणाच्या तक्त्यावरून नव्हे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्याहून हुशार यंत्रे घडवाल. खुशाल घडवा. फक्त कधी 'किरकोळ' हा शब्द ओठांवर आला, तर बटणवाल्या आजींची आठवण ठेवा.