निघालो गं

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. धाकटी चष्म्याची फ्रेम गरम हवेवर धरून तिच्यात काच बसवत होती, तेवढ्यात शेजारी ठेवलेला फोन थरथरला. पडद्यावर दोनच शब्द होते. ‘निघालो गं.’ वर नाव होतं, दादा.

दादाला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं.

काच तिच्या बोटांतून निसटली आणि फरशीवर फुटली. मालक आतून म्हणाले, “काय पाडलंस?” ती म्हणाली, “काही नाही, काच फुटली माझ्याकडून.” फोन तिने पालथा घातला. थोड्या वेळाने तो पुन्हा थरथरला. ‘पोचलो गं.’

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर इमारतींच्या पोटात, अंधाऱ्या विहिरीसारख्या जागेत तारांना लटकून काम. म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याला भिंत म्हणून नजरेसमोर नको असायची. गावाबाहेर एका नदीवर तीन तळी ओवल्यासारखी आहेत. तिथली जुनी रेल्वेलाइन उखडून काठाकाठाने खडीची वाट केली होती. त्या वाटेसाठी त्याने खास सायकल घेतली. खाली वळलेलं हँडल, जाड टायर, पुढच्या चाकात वीज करणारा डायनॅमो. हँडलवर एक छोटं मीटर होतं, त्यात कामाचं एक जास्तीचं सिम. सायकल हलली की ते मीटर बायको आणि बहीण दोघींच्या फोनवर निरोप धाडायचं आणि नकाशावर एक निळा ठिपका सरकू लागायचा. निघाल्या जागी परत आली की दुसरा निरोप. दोन्हींचे शब्द त्याने स्वतः लिहिले होते. “तुम्हा दोघींची कटकट नको,” म्हणाला होता, “फोन न करता कळेल.”

पुराच्या दिवशी ‘निघालो गं’ आलं होतं. ‘पोचलो’ आलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या तळ्यामधला पूल वाहून गेला होता. दादा बऱ्याच खाली, वाळूत सापडला. सायकल सापडलीच नाही, आणि ते सिम बंद करायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्यानंतर निरोप येतच राहिले. काही दिवस सुने जायचे, मग एखाद्या दिवशी पुन्हा दोन शब्द. धाकटीला जेवण गोड लागेना. ती दुकानाच्या मागच्या खोलीत उभी राहून ठिपका बघायची. तो पहिल्या तळ्याच्या काठाने जायचा, दुसऱ्या तळ्याचं वळण घ्यायचा आणि जिथे पूल होता तिथे येऊन थांबायचा. बराच वेळ थांबायचा. मग आल्या वाटेने परत. दादा गेल्यावर तिने एक गोष्ट मनाशी घट्ट केली होती, की वहिनीसमोर त्याचा विषय आपण होऊन काढायचा नाही. त्यामुळे बोलायचं तरी कुणाशी?

शेवटी राहवेना. सुट्टीच्या दिवशी ती वहिनीकडे गेली. वहिनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. हात इतका हलका की लहान मुलंसुद्धा रडायची नाहीत. ओट्यावर झाकलेली भाजी होती, ताट वाढलेलं होतं, आणि वहिनी ताटाला हात न लावता खुर्चीत बसली होती. समोर डब्याला टेकवून फोन उभा केलेला. पडद्यावर निळा ठिपका.

धाकटी दारातच थबकली. “वहिनी, म्हणजे तुम्हालाही...”

“बस,” वहिनी म्हणाली. “दुसरं तळं संपत आलंय. पोचेल इतक्यात.”

“कोण पोचेल?”

 दोघी ठिपक्याकडे बघत राहिल्या. तो पुलाशी थांबला तेव्हा वहिनीने पदराचं टोक मुठीत धरलं, आणि परत फिरला तेव्हा सोडलं. ‘पोचलो गं’ आलं. मग तिने पहिला घास घेतला.

“अहो, कुणाच्या तरी हाती सायकल लागली असेल,” धाकटी म्हणाली. “जाऊन बघायला नको?”

“नको.”

“पण वहिनी...”

“हे बघ.” वहिनीचा आवाज चढला नाही. “त्या दिवशी मी सांगितलं होतं, पाणी वाढतंय, नको जाऊस. तरी गेला. एवढा शहाणा माणूस, आणि पुरात पूल ओलांडायला गेला. वर्षभर मी त्याच्यावर चिडून जगले. आता तो जातो आणि परत येतो. माझा नवरा घरी पोचतोय. त्यात तुझं काय जातंय?”

 धाकटी चपला घालून जिना उतरली. वहिनी वाळली होती, आणि हे आज तिच्या नीट लक्षात आलं होतं.

तिच्याकडेही सायकल होती, दादानेच घ्यायला लावलेली. पुरानंतर तिने ती बाहेर काढली नव्हती. पुढच्या आठवड्यात ती रजा टाकून सकाळीच वाटेवर आली. धुकं होतं. तळं दिसत नव्हतं, नुसतं जाणवत होतं, उजव्या अंगाला गार श्वास सोडत असल्यासारखं. टायरखाली खडी करकरत होती. ती थांबली की तो आवाज थांबायचा, पण लगेच नाही, किंचित मागाहून. दोनदा मागे वळून पाहिलं. मागे वाट होती आणि धुकं होतं. पूर्वी दादा पुढे असायचा आणि ती मागे धापा टाकत. आज पुढे कुणी नव्हतं, तरी ती वाटेच्या एका कडेनेच चालवत होती, कुणाला जागा सोडल्यासारखी.

दुसऱ्या तळ्याच्या वळणावर फोन थरथरला. निघालो गं.

ठिपका पहिल्या तळ्याकडून, तिच्या मागून, तिच्याच दिशेने येत होता. तिला पळून जावंसं वाटलं, पण ती सायकल धरून उभी राहिली. आधी खडीचा आवाज आला. मग पायडल मारायचं थांबवलं की मागचं चाक जी बारीक टकटक करतं, ती टकटक. दादाच्या चाकाची टकटक तिने हजार सायकलींत ओळखली असती. धुक्यातून एक आकृती वर आली, डोक्यावर जाकिटाची टोपी ओढलेली.

“दादा,” ती म्हणाली. 

ब्रेक लागले. टोपी मागे गेली. पन्नाशीची एक बाई होती, चेहरा वाऱ्याने रापलेला. “कोण हवंय?” तिने विचारलं.

धाकटी खडीवरच खाली बसली. त्या बाईने सायकल झाडाला टेकवली, बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं आणि काही न विचारता शेजारी बसून राहिली.

तळ्यांच्या काठी पाण्याची उंची मोजायच्या पट्ट्या रोवलेल्या होत्या. त्या वाचून कळवणं हे या बाईचं काम. पाणी उतरल्यावर तिला सायकल वेताच्या बेटात अडकलेली दिसली. तिने चौकीत कळवलं, वर्षभर वाट पाहिली, मग साफसूफ करून फेरीसाठी वापरायला लागली. हँडलवरचं मीटर जिवंत आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. त्याची काच तडकून काळी पडली होती. डायनॅमोवर ते आतल्या आत जागं होत होतं.

“तुझा भाऊ होता तो?” बाईने विचारलं. “निळं हेल्मेट?”

“तुम्ही पाहिलं होतं त्याला?”

“पाहिलं म्हणजे, त्याच्यामुळे तर आहे मी.” बाई पाण्याकडे बघत बोलली. “पुलाखालची पट्टी वाचायला मी चालत निघाले होते. तो पुलाच्या अलीकडे आडवा उभा होता, सायकल आडवी लावून. म्हणाला, बाई, मागे फिरा, पूल हलतोय. माझ्या आधी पाचसात जणांना त्याने परतवलं होतं. मी म्हटलं, तू पण चल. तर म्हणाला, पलीकडून दोघं येताना दिसतायत, जरा पुढे जाऊन त्यांना हात करतो आणि आलोच. मी वळणावर पोचले आणि मागे आवाज झाला. वळून पाहिलं तर पूलही नव्हता, तोही नव्हता. शोधायला आलेल्यांना मी हे सगळं सांगितलं होतं. तुमच्यापर्यंत आलं नाही?”

“नाही,” धाकटी म्हणाली.

“आणि ती दोघं?” तिने विचारलं.

“पलीकडेच राहिली. वाचली.”

मग बाई म्हणाली, “सायकल घेऊन जा हवी तर. तुमचीच आहे. फक्त एक सांगते, वेड्यात काढू नकोस. पुलाशी आली की ही जड होते. चढ नाही, काही नाही. पायडल हलतच नाही. मी उतरते, उभी राहते. मग आपोआप सुटते.”

धाकटी तिथून थेट लॅबवर गेली आणि वहिनीला एका दमात सगळं सांगितलं. वहिनी हातमोजे काढायचे विसरली. तिने एवढंच विचारलं, “बाई फेरीला किती वाजता निघते?”

दोन दिवसांनी दोघी बसने आल्या. पुलापर्यंत तिघी चालत गेल्या, सायकल पाणी मोजणाऱ्या बाईच्या हातात. अलीकडचा खांब उभा होता, पुढे नुसती हवा आणि खाली गढूळ, हळू पाणी. पलीकडची वाट गवताने गिळली होती. तिथे आता कुणी जात नसे. वहिनीने सायकलच्या सीटवर हात ठेवला. सुई टोचण्याआधी शीर चाचपतात तसा, दोन बोटांनी. मग ती पाण्याकडे तोंड करून बोलू लागली.

“सगळ्या जगाला मागे फिरवलंस. तुझे पाय काय मोडले होते? आलोच म्हणे. बाईला सांगितलंस, मला कोण सांगणार होतं? वर्षभर मी तुला मूर्ख म्हणत बसले. तूही ऐकून घेतलंस. एकदा तरी उलट बोलायचंस.”

बोलता बोलता तिचा आवाज फाटला. धाकटी पुढे झाली, पण बाईने तिचा दंड धरला.

वहिनी रडायची थांबली तेव्हा पलीकडून आवाज आला. गवतातून, बारीक टकटक, जवळ आली आणि काठाशी थांबली. तिघींनी ऐकली. गवत हललं नाही. दादाची सायकल तर इथे अलीकडे बाईच्या हातात उभी होती, चाकं स्थिर.

“ऐकू येते कधीकधी,” बाई हळूच म्हणाली. “मी वर बघत नाही.”

वहिनीने मात्र बघितलं. बराच वेळ, डोळ्यांवर हात धरून. काय दिसलं ते तिने सांगितलं नाही आणि धाकटीने विचारलं नाही. परतताना वहिनी एकदाच म्हणाली, “सायकल तुमच्याकडेच राहू द्या, बाई. मीटरसकट.”

बसमध्ये तिला लागलीच झोप लागली. धाकटीच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून ती घोरत होती. आपला थांबा आला तरी धाकटीने तिला उठवलं नाही. दोघी शेवटच्या थांब्यापर्यंत गेल्या आणि तिथून घराकडे चालत आल्या.