इंटरव्ह्यूपुरतं कुंकू

मुलुंडच्या त्या चाळीत अमेरिका कुणीच पाहिली नव्हती, पण तिथं कसं जायचं हे कुंडलिकरावांना तोंडपाठ होतं.

"शिकायला जायचं तर कॉलेजचं पत्र, नोकरीला जायचं तर कंपनीचं," ते रत्नप्रभाला म्हणाले. "पण वहिनी, तुम्ही पडलात पाहुण्या. पाहुण्याला साहेब एकच विचारतो, परत येणार कशावरून? विधवा बाई, एकुलती लेक तिकडे, मग इकडे आहे कोण? नाही म्हणून मोकळा होईल."

रत्नप्रभाला तर जायलाच हवं होतं. कुंदाची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला आता आठवा लागला होता. डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून बजावलं होतं, सासू नव्हती, नि नवरा दिवसभर कामावर. फोनवर पोर एकच धोशा लावायची, "आई, तू ये. तू आलीस की सगळं नीट होईल."

"पासपोर्टात सहदेवचं नाव आहे ना?" कुंडलिकरावांनी विचारलं.

होतं. कुंदा लग्न होऊन गेली तेव्हा रत्नप्रभानं नि सहदेवनं हौसेनं पासपोर्ट काढले होते. मग गिरण्यांचा संप झाला, सहदेव घरी बसून खचत गेला, नि दोन वर्षांमागं गेलाच.

"मग तो आहे म्हणायचं. कुंकू लावून जा."

सल्ला देणाऱ्याचं काय जातं! रत्नप्रभानं डब्यातल्या सोन्याच्या वाट्या काढून नव्या काळ्या मण्यांत ओवल्या. कुंडलिकरावांच्या बायकोनं, जयानं, कुंकवाचा करंडा आणून दिला, पण लावायला तिचा हात काही पुढे होईना. शेवटी रत्नप्रभानं आरशात बघून स्वतःच लावलं. "रवळनाथा, लेकीसाठी करतंय रे," एवढंच पुटपुटली. आरशातली बाई तिच्या चांगल्या ओळखीची होती.

वकिलातीतला साहेब तरुण होता. शेजारी बसलेली मुलगी त्याचं बोलणं मराठीत सांगत होती.

"तुम्ही गेल्यावर मिस्टरांचं कोण बघणार?"

रत्नप्रभानं "शेजारीण" एवढंच पाठ केलं होतं. पण दोन वर्षांत तिला सहदेवबद्दल असं कुणी काही विचारलंच नव्हतं.

"शेजारची जया बघेल," ती म्हणाली, "पण तिच्या हातची पिठी त्यांच्या घशाखाली उतरायची नाही. कुळीथ मीच भाजलेला लागतो. रात्री खोकला येतो, तेव्हा पाठीवर हात फिरवावा लागतो. तोंडानं सांगणार नाहीत, पण मी नसले की जेवतच नाहीत नीट. म्हणून तर मला लवकर परत यायचंय."

बोलताना तिला खरंच वाटायला लागलं की तो घरी आहे, खाटेवर बसून वाट बघतोय. साहेब हसला. मुलीचे डोळे भरून आले.

"साहेबांना तुमचं पटलंय," मुलगी म्हणाली. "उद्या मिस्टरांना घेऊन या. दोन मिनिटं बोलतील नि व्हिसा देतील."

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर खोटारडी म्हणून दार कायमचं बंद होणार, नि न सांगावं तर माणूस आणायचा कुठून?

"बरं," ती म्हणाली नि उठली.

संध्याकाळी कुंडलिकरावांकडे कुंदाचा फोन आला.

"आई, मिळाला का गं व्हिसा?"

"मिळत होता. बाबांना घेऊन या म्हणाले."

"बाबांना?" कुंदाला काही कळेना. रत्नप्रभानं सगळं सांगितलं, तशी ती लहानपणी रडायची तशी मोठ्यानं रडायला लागली.

"रडू नको गं बाय, पोटाला ताण पडेल," रत्नप्रभा म्हणत राहिली. लेकीच्या पाठीवरून हात फिरवायला ती तिथं नसणार होती. कुंडलिकराव मान खाली घालून बसून होते.

घरी येऊन तिनं मणी काढून डब्यात ठेवले. मग आरशापुढे उभी राहिली. दोन वर्षांमागं तिचं कुंकू पुसायला चाळीतल्या बायका जमल्या होत्या. या वेळी कुणी आलं नाही. पदराचं टोक ओलं करून तिनं ते स्वतःच पुसलं.