सातवं कलम

"थांब. सही नंतर. आधी वाच, मोठ्यानं."

टायपकाकांनी मुलाच्या हाताखालून कागद मागे ओढला. मुलगा पेनाचं टोपण काढून तयारच बसला होता.

"बाबा, वकीलसाहेबांनी वाचलंय ना? मला अकराला कामावर पोचायचंय."

"या ऑफिसात एकेचाळीस वर्षं मी लोकांची मृत्युपत्रं टाइप केली. सही करणाऱ्यानं वाचल्याशिवाय कागद जागचा हलला नाही. तुझ्यासाठी बरा हलेल!"

वकीलसाहेब हसले. काका हसले नाहीत.

काकांचं स्वतःचं मृत्युपत्र गेल्याच आठवड्यात झालं होतं. घर मुलीला. त्यावर मुलाने चकार शब्द काढला नव्हता, आणि काकांना तेच खुपत होतं. तो भांडला असता तर जिवाला थंडावा तरी मिळाला असता. मग त्यांनी हा दुसरा कागद केला. आपण बेशुद्ध पडलो तर उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा, त्याचा.

मुलगा भराभर वाचत सुटला. सातव्या कलमाशी अडला.

"'बरं होण्याची आशा नसल्यास श्वासाचं यंत्र काढण्याची परवानगी माझा मुलगा देईल. यंत्र बंद करताना, आणि त्यानंतर श्वास थांबेपर्यंत, तो... तो खोलीत हजर राहील.'"

तीन वर्षांपूर्वी काकांच्या बायकोचं यंत्र काढायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी बापलेकांना बोलावलं होतं. 'गाडी लावून येतो' म्हणून मुलगा गेला, तो संध्याकाळी उगवला. सही काकांनी एकट्याने केली. मग बावीस मिनिटं तिचा हात धरून बसले.

"ताईचं नाव घाला ना," मुलगा हळूच म्हणाला. "तिला जमेल."

"तिला जमेल म्हणूनच तुझं घातलं."

"म्हणजे शिक्षाच की."

"काय समजायचं ते समज."

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "काका, ते 'हजर राहील' वगळू या का? कायद्याला त्याची गरज नाही."

"मला आहे."

मुलाने ते वाक्य पुन्हा वाचलं, मनातल्या मनात.

"त्या दिवशी मी गाडीतच बसून होतो, बाबा. खालीच."

"ठाऊक आहे. खिडकीतून दिसत होती गाडी."

मुलाची मान खाली गेली. त्याने पेन कागदाला टेकवलं. मग एकेका पानावर सही केली. सातव्या कलमाच्या पानावरही.

आता काकांची सही आणि अंगठा. सही झाली, पण संधिवाताने आखडलेला अंगठा काही केल्या सपाट बसेना. मुलगा उठून जवळ आला. त्याने तो अंगठा आपल्या बोटांत धरला, शाईवर टेकवला आणि कागदावर हलकेच दाबला.

काकांना हात झटकावासा वाटला. पण ठसा फिसकटला असता. म्हणून त्यांनी तो तसाच राहू दिला.