एकतीस घरांची चौकशी

"मुलगा कुठल्या कॉलेजचा म्हणालात, बाई?"

डोकं वॉशिंग मशीनच्या मागे आणि उजवा हात कोपरापर्यंत आत, अशा अवस्थेत मेकॅनिकने विचारलं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून त्या त्याच्यावर अशी नजर ठेवून होत्या, जणू तो कॉपी करतानाच सापडणार होता.

"अजून काही म्हणाले नाही. टेकडीवरच्या."

"वा! कर्ज काढलं होतं?"

"काढलं होतं."

"फिटलं?"

"तुम्ही बेल्ट बदलायला आलात की सोयरीक जमवायला?"

मेकॅनिकने हात बाहेर काढला, फडक्याला पुसला आणि कानकोंडं होऊन म्हणाला, "माझ्या मुलीला तिथेच प्रवेश मिळालाय. उद्या संध्याकाळी पाचच्या आत पैसे भरायचेत. म्हणून आपलं विचारतो."

बाई लगेच निवळल्या. मुलीचं कौतुक केलं, स्टूल पुढे ओढलं आणि मग न विचारताही सगळं सांगितलं. मुलाचा पगार बरा आहे. सहा वर्षं हप्ते भरतोय, अजून चार राहिलेत. हप्ता गेला की उरतं ते घरभाड्यात जातं. "हे मशीन अठरा वर्षांचं आहे ते काय मी हौसेने ठेवलंय?" त्या म्हणाल्या.

मेकॅनिकने खिशातून छोटी वही काढून तिथल्या तिथे नोंद केली. हे एकतिसावं घर होतं.

गेले दोन महिने त्याचा हा उद्योग चालू होता. दुरुस्तीला जाईल तिथे, घरात कोणी पदवीधर दिसला की कॉलेज कुठलं, कर्ज किती, पगार किती, असे तीन प्रश्न ठरलेले. लोक सांगतही. माणसाचं मशीन उघडं पडलेलं असलं की तोही जरा मोकळा होतो, हा त्याचा तीस वर्षांचा अनुभव. एका गृहस्थांनी मात्र त्याला करखात्याचा हेर समजून मुलाचा पगार निम्मा करून सांगितला आणि वर चहाही दिला नाही.

वहीत दोन रकाने होते. एक टेकडीवरच्या कॉलेजचा. तिथल्या इमारती काचेच्या आणि फीसुद्धा टेकडीएवढीच. दुसरा पुलाजवळच्या जुन्या कॉलेजचा. तिथल्या भिंतींना पोपडे आलेले, पण फी पाचवा हिस्सा. टेकडीची बारा घरं भेटली, त्यातली अकरा अजून कर्जात. पुलाची एकोणीस, त्यातली चारच. आणखी काय हवं होतं? मशीन नुसतं ऐकून बेल्ट गेला की पंप, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस तो. तितक्याच छातीठोकपणे आज लेकीला सांगायचं, असं त्याने जिना उतरताना ठरवलं.

लेकीचं घरातलं नाव वकील. बोलायला लागल्यापासून ती प्रत्येक गोष्टीचा कीस पाडायची, म्हणून ते पडलं आणि चिकटलं. वकिलाला दवाखान्यातल्या यंत्रांचं इंजिनिअरिंग शिकायचं होतं. दोन्ही कॉलेजांत जागा मिळाली होती, पण तिचं मन टेकडीवर बसलेलं होतं. आणि टेकडीवर जायचं तर कर्ज, आणि कर्जासाठी घराचे कागद बँकेत. उद्या दुपारी दोन वाजता बँकेत बोलावलं होतं.

संध्याकाळी त्याने वही टेबलावर ठेवली. मेकॅनिकची बायको औषधांच्या दुकानातल्या कामावरून नुकतीच आली होती. ती पाय वर घेऊन खुर्चीत टेकली. लेकीने वही पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचली. हसली नाही, हीच धोक्याची खूण होती.

"बाबा, ही सगळी माणसं तुम्हाला भेटली कुठे?"

"त्यांच्या घरी. मी काय रस्त्यात अडवतो की काय लोकांना?"

"म्हणजे ज्यांचं मशीन बिघडलं, त्यांच्या घरी."

"मग? चालू मशीनला मेकॅनिक कोण बोलावतो?"

"तेच म्हणतेय मी. आणि बिघडलेलं मशीन दुरुस्त कोण करतं? ज्याच्याकडे नवीन घ्यायला पैसे नाहीत तो. टेकडीवरची जी मुलं भरपूर कमावतात, ती जुनं फेकून नवीन आणतात. ती तुम्हाला कधी भेटणारच नाहीत. तुम्ही कर्जात असलेल्यांच्याच घरी जाऊन विचारता, की कर्ज आहे का!"

मेकॅनिकने वही स्वतःकडे ओढली. त्याला त्याची बारा घरं एकेक करून आठवली. अठरा वर्षांचं मशीन. चौदा वर्षांचं. दोरीने दार बांधलेलं. खरंच की. नव्या मशीनचं घर वहीत एकही नव्हतं.

"वकीलसाहेब जिंकले," बायको खुर्चीतून म्हणाली. "अहो, दोन महिने लोकांच्या घरी जाऊन हे विचारत होतात तुम्ही? मला शेजारणीने विचारलं, तुमच्या ह्यांना काही झालंय का म्हणून."

मग लेकीने मोबाइलवर राज्य सरकारची यादी उघडली. राज्यातली सगळी कॉलेजं एकाखाली एक; बाहेर पडताना मुलांच्या डोक्यावर सरासरी किती कर्ज आणि पाच वर्षांनी सरासरी किती पगार. पगारात टेकडी सगळ्यांत वर. "हे सगळ्या मुलांचं आहे बाबा, नुसतं तुमच्या गिऱ्हाइकांचं नाही," ती म्हणाली. आवाजात जिंकल्याचा तोरा नव्हता, उलट थोडी घाई होती. यादी तिने पटकन बंदही केली. आपल्याच फजितीत असलेल्या बापाच्या ते लक्षात आलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "उद्या बँकेत जाऊ."

तो हरला होता आणि रडीचा डाव खेळत अडून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. जेवताना तो लेकीच्या कॉलेजबद्दल दोन-तीन वाक्यं आनंदाने बोलला. बायकोने त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं.

बँकेतल्या अधिकारी बाई चटपटीत होत्या. कागदांवर जिथे जिथे सही हवी तिथे त्यांनी पेन्सिलने आधीच फुल्या करून ठेवल्या होत्या. हप्ता अकरा हजार, शिक्षण संपलं की सुरू, मुदत दहा वर्षं. "मुलीने नाही भरला तर जबाबदारी तुमची," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही नाही भरला तर घर. तसं होत नाही म्हणा सहसा."

मेकॅनिकने पेन उचललं. पहिल्या फुलीवर टेकवलं. आणि पेन तिथेच राहिलं.

बाहेर कोणीतरी टोकन नंबर पुकारत होतं. लेक वाट पाहत होती. त्याला वाटलं, हात आत्ता हलेल, मग हलेल. इतकी अवघड मशीनं उघडली ह्या हातांनी, एका सहीला काय होतंय? पण हात हलेना.

"बाबा?"

"वकील," तो म्हणाला. मान वर न करता. "ती वही जाऊ दे. वही खोटीच होती. मला भीती वाटतेय गं."

हे वाक्य त्याने आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. बायकोलाही नाही. बारा वर्षांपूर्वी त्याने कर्ज काढून दुकान टाकलं होतं, स्वतःच्या नावाची पाटी वगैरे लावून. दुकान दीड वर्षात बंद पडलं. हप्ते त्यानंतर साडेतीन वर्षं चालले. पाटी भंगारात दिली, खांद्याला पिशवी लावली आणि पुन्हा दारोदार दुरुस्तीला निघाला तो आजवर. त्या साडेतीन वर्षांत जेवताना फोन वाजला की तो उताणा मोबाइल पालथा करायचा. फोन बँकेचा असायचा. त्याबद्दल घरात कोणी कधी बोललं नाही, आणि त्याची अशी समजूत होती की ते कोणी पाहिलं नाही.

"तू भरशील, मला माहितीय," तो पुढे म्हणाला. "तू हुशार आहेस. पण दहा वर्षं म्हणजे... मला नाही जमणार गं परत. माझ्याच्याने नाही होणार. माझ्यामुळे तुझं नुकसान होतंय, कळतंय मला."

अधिकारी बाईंनी एकदम समोरच्या संगणकात काहीतरी शोधायला घेतलं.

लेकीने नाक ओढलेलं त्याला ऐकू आलं. रडतेय की काय म्हणून त्याने घाबरून वर पाहिलं. डोळे भरले होते तिचे, पण ती त्याच्यावर चिडलेली होती.

"हे काल का नाही सांगितलंत? मी त्या वहीशी भांडत बसले ना!"

"भीती वाटते हे काय कारण आहे का सांगायचं?"

"मग कारण काय असतं बाबा? मी सात-आठ वर्षांची होते. तुम्ही फोन पालथा घालायचात आणि मला वरण वाढायचात. मला सगळं दिसायचं."

एवढीशी पोर बघत होती, आणि तो आपला समजत होता, आपण काय शिताफीने लपवलं.

लेकीने नाक पुसलं आणि मोबाइल काढला. यादी उघडली. "काल मी तुम्हाला पगारच दाखवले. टेकडीवाल्यांना पुलावाल्यांपेक्षा महिना सात हजार जास्त मिळतात. सात. आणि हप्ता अकरा. ही वजाबाकी मी काल केली नाही. मला येत होती, पण केली नाही. मला ती प्रयोगशाळा हवी होती बाबा. तिथे मुलांना पहिल्या वर्षापासून यंत्रं उघडायला देतात. खूप हवी होती मला."

"अजूनही हवीय?"

"हवीय," ती म्हणाली. "पण चार हजार तोट्यात नको. आणि तुम्ही परत फोन पालथा घातलेला तर मुळीच नको."

तिने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं. "मॅडम, आम्हाला कर्ज नकोय. तुमचा वेळ घेतला, सॉरी."

"सॉरी कशाला?" अधिकारी बाई कागद गोळा करत म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "माझे स्वतःचे हप्ते अजून दोन वर्षं राहिलेत. पुलाजवळच्या कॉलेजचे प्रवेश पण आज पाचलाच बंद होतात ना? मग बसलात काय, निघा!"

मेकॅनिकचा जीव भांड्यात पडला. खात्यातले साठवलेले पैसे काढून रस्त्यावर आल्यावर त्याला कळेना की आपण चालतोय की कोणी उचलून नेतंय. त्याने बायकोला फोन लावला. "कर्ज नाही काढलं," एवढंच म्हणाला. पलीकडून बायकोने इतका मोठा सुस्कारा सोडला की दुकानातल्या गिऱ्हाइकाने तिला बरं वाटतंय का म्हणून विचारलेलं त्याला ऐकू आलं. म्हणजे तीही तशीच होती तर! घरात तिघं माणसं, आणि तिघंही एकमेकांपासून तोंड लपवून बसलेली. त्याला हसू आवरेना. लेकीलाही हसू आलं, पण मध्येच थांबून तिने टेकडीच्या दिशेला एकदा पाहिलं. त्याने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून तो तसाच चालत राहिला.

पुलाजवळच्या कॉलेजात मुळीच घाई नव्हती. पैसे भरायच्या खिडकीपुढे पंचवीस-तीस माणसांची रांग. वर एक पंखा, त्याचा बेअरिंगचा आवाज अख्ख्या खोलीभर. लेक रांगेत उभी राहिली. मेकॅनिक भिंतीलगतच्या बाकावर बसला. पिशवी पायांशी ठेवली. पंख्याचं बेअरिंग महिन्याभरात जाणार, असं लेकीला सांगावं म्हणून त्याने मान उचलली, आणि तेवढ्यात त्याची मान छातीवर आली.

तासाभराने लेकीचा नंबर लागला. खिडकीतल्या कारकुनाने पैसे मोजून घेतले, पावती फाडली आणि फॉर्म पुढे सरकवला. "इथे पालकांची सही. कुठे आहेत?"

लेकीने मागे पाहिलं. तिचा बाप तोंड उघडं टाकून बाकावर गाढ झोपला होता. एक चप्पल पायातून निसटून बाजूला पडली होती. घरात रोज पहाटे पाणी प्यायला उठणारा, अंधारात खुर्चीत बसलेला, विचारलं तर उकडतंय म्हणणारा हा माणूस इतक्या गलक्यात घोरत होता.

"ते काय तिथे," ती म्हणाली.

"मग उठवा की."

"नको. दोन महिन्यांनी झोपलेत."

कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार. "पाचला खिडकी बंद होईल. मग मला सांगू नका."

"पावणेपाचला उठवते," लेक म्हणाली. फॉर्म हातात घेऊन ती बाजूला झाली आणि मागच्या माणसाला म्हणाली, "काका, तुम्ही पुढे व्हा."