उलटा बसलेला एक्सल

मित्रांनो, सायकलच्या पोटात, दोन्ही पायडलांच्या मधोमध जो लोखंडी दांडा फिरतो ना, तो मी. जुना एक्सल. सायकलवर घंटी दिसते, दिवा दिसतो. मी मात्र ग्रीसमध्ये माखून नळीत निजलेला. पण माझ्याविना पायडल म्हणजे नुसती लोंबती चप्पल.

सदर बाजारातल्या दुकानात आम्ही भाऊ-भाऊ दिसायला सारखे, मापाने वेगळे. लांबी चुकली की माझ्याभोवतीच्या पोलादी गोळ्या, म्हणजे छर्रे, चिरडतात, नाहीतर खुळखुळतात. म्हणून माझे मालक चंपतराव यांनी झिजलेला एक्सल सोबत आणला, माझ्याशी जोडून पाहिला, मगच मला घेतलं.

चंपतराव गावोगावी मैदानात सलग सात दिवस सायकल चालवण्याचा खेळ करायचे. खाणं, आंघोळ, दाढी सारं सायकलवर. पाय जमिनीला टेकला की खेळ संपला. आदल्या साली मौदा गावात चेन पडली, पाय टेकला आणि लोक फिदीफिदी हसले. आता उमरेडचं मैदान होतं. इथेही हसं झालं असतं, तर पुन्हा कोणी बोलावलं नसतं.

आणि चूक झालीच. माझं एक टोक जरा लांब असतं. ते दात्याच्या चाकाकडे हवं. चंपतरावांनी सायकल पालथी घालून मला बसवलं. पालथ्या सायकलीचा उजवा-डावा फिरतो, हे घाईत ध्यानातून गेलं. सरळ करून एक चक्कर मारली, तर दाते नळीला घासू लागले. कर्र, कर्र.

गर्दी जमली होती, हार तयार होता. त्यांची बायको गोपिका आडवी आली.

"उतरा. एकदा हार पडला का मंग सात दिवस उतरता येनार नाही."

"मानसं वाट पाहून राहिली वं. घासन थोडं, घासू दे."

"मौद्याले लोक हसले, तवा मी कायी बोलली नाही. आज बोलते. उतरा."

ते उतरले. गोपिकाने भर मैदानात पदर खोचला, पायडलाच्या दांड्यांच्या पिना ठोकून काढल्या, छर्रे धरणारी कटोरी सोडवली. एक म्हातारा खोकत म्हणाला, "काहून गा चंपतराव, सायकल तुमची का बाईची?"

"तिचीच हाय," चंपतराव म्हणाले आणि छर्रे पुसून तिच्या हाती देऊ लागले.

मी सुलटा बसलो. अहाहा! जसा पाळण्यात जीव.

मग मी फिरलो. उन्हात फिरलो, धुळीत फिरलो. सोबत धावत गोपिका भाकरीचा घास भरवायची. बायाबापड्या मैदानाकडेला बसून गाऊ लागल्या:

*फिरते वं सायकल, जसं जातं पहाटेचं,*
*गोपिकाच्या कपाळाले तेज उन्हाच्या वाटेचं.*

सातवा दिवस मावळला, डफडं कडाडलं, टोमणा मारणारा म्हाताराही त्यापुढे नाचू लागला. चंपतराव उतरलेच नाहीत! त्यांनी हात पुढे केला आणि गोपिका चालत्या सायकलीच्या दांडीवर बसली. दोघांचा भार माझ्यावर. मी हूं की चूं केलं नाही. आणखी एक फेरी झाली, सगळ्या मैदानाला पुरून उरलेली.

आता मी झिजलो आहे, डब्यात पडून असतो. तुमच्या सायकलीच्या पोटातून कुरकुर आली, तर मित्रांनो, कानाआड करू नका. थांबा, उघडा, पुसा, मापाने नीट बसवा. चार माणसं हसतील. हसू द्या. तीच शेवटी डफड्यापुढे नाचतात. मी नळीतून ऐकलं आहे ना.